आर्टरीचा खटका आणि उद्यमनगरची कानस

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. डाव्या हाताला ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, टेक्निशियन, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि काही सर्जन बसलेत. उजव्या हाताला उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखानदार आणि फिटर आहेत, आणि त्यांच्यामागे हुपरीचे चांदीकाम करणारे कारागीर. या दोन बाजूंची गाठ पडावी म्हणूनच हा विषय घेतला आहे. म्हणणं एवढंच आहे की ऑपरेशनमध्ये पकडायला लागणारी हत्यारं, म्हणजे आर्टरी (रक्तवाहिनी दाबून धरायचा खटक्याचा चिमटा), अ‍ॅलिस, कोचर, सुई धरायचा नीडल होल्डर, ही कोल्हापुरातच दुरुस्त झाली पाहिजेत. ते काम करू शकतील असे हात इथं आहेत. फक्त काय दुरुस्त करायचं हे कळण्यासाठी बिघडतं काय आणि का, हे आधी बघावं लागेल.

ही सहा इंची आर्टरी. मागच्या रांगेपर्यंत फिरवा, हातात घेऊन बघा. बोटं घालायच्या दोन कड्या, त्यातून निघालेल्या दोन दांड्या, कड्यांजवळ दात्यांचा खटका, मध्ये सांधा आणि पुढे आडव्या रेघांचे दोन जबडे. फिटर मंडळींनी सांध्याकडं नीट बघावं. कात्रीसारखा एक पाय दुसऱ्यावर ठेवून स्क्रू आवळलेला नाही. एका पायाच्या पोटात आरपार खाच आहे आणि दुसरा पाय त्या खाचेतून ओवलेला आहे. ओवताना खाच गरम करून फाकवतात, पाय आत सारतात, परत दाबून घेतात, मग पिन घालून ती दोन्हीकडून अशी ठोकून घासतात की शोधावी लागते. याला बॉक्स लॉक म्हणतात. जोर लावला तरी जबडे आडवे सरकत नाहीत, रेघेसमोर रेघ येते, हा त्याचा फायदा. आत शिरलेलं रक्त बाहेरून दिसत नाही, हा तोटा. निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा याच कारणासाठी सांधा सोडवून धुता येईल अशा आर्टरीही निघाल्या होत्या.

पोलाद साधारण ४१० किंवा ४२० जातीचं. घरातल्या ३०४ जातीच्या भांड्याला पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कडक करता येत नाही, याला येतं. म्हणून दांडी वाकते आणि स्प्रिंगसारखी परत येते. पण त्याची किंमत मोजावी लागते. ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास आणि वर निकेल असतं, ४२० मध्ये क्रोमियम १२ ते १४ टक्केच. गंज अडवणारा पातळ पापुद्रा पोलादावर या क्रोमियममुळंच येतो. म्हणजे "स्टेनलेस आहे, गंजत नाही" हे ताटवाटीला बऱ्यापैकी लागू आहे, आर्टरीला नाही.

आता परीक्षा. खटक्याच्या पहिल्या दात्यावर बंद करा आणि उजेडासमोर धरा. फक्त टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत, मागे बारीक फट दिसली पाहिजे. शेवटच्या दात्यावर नेलं की पूर्ण जबडा मिटला पाहिजे. उलटं असेल, म्हणजे मागचं मिटलंय आणि टोकाशी उजेड दिसतोय, तर ती आर्टरी कामाची नाही, कारण रक्तवाहिनी टोकातच धरायची असते. दुसरी परीक्षा खटक्याची. पहिल्या दात्यावर बंद करून खटक्याची बाजू टेबलावर हलकेच आपटा. उघडली तर बाजूला काढा. तिसरी सांध्याची. उघडून दोन कड्या दोन हातांत धरा आणि वरखाली हलवा. सांध्यात खडखड लागली तर पिन ढिली झाली. चौथी दांडीच्या ताणाची. टोकं नुसती टेकवा, दाबू नका. अशा वेळी खटक्याच्या दोन बाजूंत दीड ते तीन मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. ते राहिलं नाही तर दांडीतली स्प्रिंग मेली, खटका लागेल पण पकड येणार नाही. चारही परीक्षांना मिळून अर्धं मिनिट लागतं. नीडल होल्डरची आणखी एक. बारीक सुई दुसऱ्या दात्यावर धरा आणि बोटानं फिरवून बघा. सहज फिरली तर जबडा झिजला.

अशा हत्यारांची आणि त्यांच्या दोषांची यादी आपल्याकडं फार जुनी आहे. सुश्रुतानं १०१ यंत्रं मोजली. त्यातली २४ स्वस्तिक यंत्रं, म्हणजे फुलीसारखे दोन पाय, मध्ये खिळा आणि पुढे पशुपक्ष्यांच्या तोंडासारखे जबडे, लांबी १८ अंगुळं. त्यात बगळ्याच्या तोंडाचं कंकमुख सर्वांत चांगलं, कारण ते आत नीट शिरतं, पकडतं आणि बाहेरही नीट येतं. त्यानंतर यंत्राचे बारा दोष सांगितले आहेत. फार जाड, फार लांब, फार आखूड, वाकडं, ढिलं, पकड न घेणारं, वेडीवाकडी पकड घेणारं, खिळा नरम असलेलं, तोंड नरम असलेलं... आत्ता केलेल्या चार परीक्षा त्यात जवळजवळ सगळ्या आल्या. ट्रे लावणाऱ्या प्रत्येक सिस्टरच्या टेबलासमोर ही यादी लावावी असं मला मनापासून वाटतं.

युरोपात सोळाव्या शतकात आम्ब्रुआज पारेनं पाय कापताना डागणं सोडून रक्तवाहिनी चिमट्यात धरून दोरा बांधायला सुरुवात केली. आजची खटक्याची आर्टरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या पेआननं आणि लंडनच्या स्पेन्सर वेल्सनं रुळवली. पहिला कोण यावर दोन्ही बाजूंनी भांडण झालं. बर्नच्या कोचरनं टोकाला दात दिले. थायरॉइडवरच्या कामासाठी त्यालाच १९०९ चं नोबेल मिळालं. बॉल्टिमोरच्या हाल्स्टेडची नाजूक आर्टरी म्हणजे आपली मॉस्किटो. इतिहास इथंच थांबवतो, नाहीतर संध्याकाळ यातच जाईल.

खटका सुटला तर काय होतं, हे उजव्या बाजूच्या मंडळींनी नीट ऐकावं. पोटात खोल रक्तवाहिनी धरली आहे. सहाय्यक आर्टरीची कडी खाली झुकवून टोक वर दाखवतो, सर्जन टोकाखालून दोरा फिरवतो, पहिली गाठ आवळतो आणि "सोड" म्हणतो. त्याच्या आधीच खटका सुटला तर वाहिनीचं तोंड मागं सरकून मांसात लपतं, वर रक्त साचतं आणि ती परत शोधावी लागते. उलट खटका अडकला तर सोडताना झटका बसतो आणि गाठच ओघळून येते. हे सगळं दात्याच्या त्या अर्ध्या मिलिमीटरवर अवलंबून असतं.

आता माझी खरी तक्रार. ही हत्यारं ऑपरेशनमध्ये झिजून जात नाहीत, बहुतेक बाहेर मारली जातात. आर्टरीनं औषधाच्या बाटलीचं पत्र्याचं बूच कुणी कुणी उघडलंय? हात वर करा. सर्जनचे हात खालीच आहेत, पण सिस्टर त्यांच्याकडं बघून हसतायत, म्हणजे कळलं. मॉस्किटोनं जाड ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढायची नळी दाबतात. जबडा बारीक वस्तूसाठी घडवलेला, त्यात बोटाएवढी नळी घालून तिसऱ्या दात्यावर नेली की दांड्या कायमच्या फाकतात आणि टोकं एकमेकांवरून जातात. नळीसाठी नळीचा क्लॅम्प आहे, चादरीसाठी टॉवेल क्लिप आहे. नीडल होल्डर सापडला नाही म्हणून आर्टरीत सुई धरली जाते. सुईचं पोलाद कडक, आर्टरीच्या रेघा त्या मानानं नरम, मग रेघांत खड्डे पडतात आणि पुढच्या वेळी तिथं वाहिनी निसटते. अ‍ॅलिसचे दात कातडी किंवा फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचं चिवट आवरण, धरायला आहेत. त्यात आतडं धरलं तर भोकं पडतात, आतड्यासाठी बॅबकॉक नावाचा वेगळा चिमटा आहे.

मग धुणं. ऑपरेशन संपलं की सगळं एका बादलीत, हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या जंतुनाशकात, आणि बादली तशीच संध्याकाळपर्यंत. काही ठिकाणी सलाइनमध्ये भिजवतात. सलाइन म्हणजे मीठपाणीच. क्लोराइड त्या क्रोमियमच्या पापुद्र्याला भोकं पाडतं, आणि सांध्यात जिथं ताण असतो तिथं तडा जायला लागतो. तडा बाहेरून दिसत नाही, एक दिवस जोर लावताना आर्टरी दोन तुकडे होऊन हातात येते. बरोबर रीत अवघड नाही. ऑपरेशन चालू असतानाच स्टराइल पाण्याच्या फडक्यानं पुसत राहायचं, सलाइननं नाही. संपल्यावर थंड किंवा कोमट पाण्यात उघडं करून टाकायचं. पाणी ४५ अंशांच्या वर असलं तर रक्तातलं प्रथिन भाजून सांध्यात चिकटतं. मग एन्झाइमचं द्रावण, नायलॉनचा ब्रश, सांध्यात आणि खटक्याच्या दात्यांत. तारेची घासणी बिलकूल नको. शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यात, कारण बोअरच्या जड पाण्याचे थेंब वाळले की क्षारांचे डाग राहतात. कोरडं करायचं, सांध्याला पाण्यात विरघळणारं वंगण द्यायचं. शिलाई मशीनचं तेल देऊ नका, त्याच्या थराखाली वाफ पोचत नाही.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, आर्टरी उघडी, फार तर पहिल्या दात्यावर. तिसऱ्या दात्यावर आवळून १२१ किंवा १३४ अंशांत घातली की तापून फुगलेल्या सांध्यावर सगळा ताण येतो, शिवाय आत वाफ जात नाही. डाग दिसला तर पेन्सिलच्या रबरानं घासून बघा. जाऊन खाली गुळगुळीत लागलं तर डाग, खाली खड्डा लागला तर गंज. गंजलेली आर्टरी चांगल्या ट्रेमध्ये ठेवू नका.

आणि नावं कोरणं! लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तसं थरथरणाऱ्या सुईच्या मशीननं आर्टरीच्या सांध्यावर डॉक्टरांचं नाव. ज्या जागी सगळ्यात जास्त ताण, तिथंच ओरखडा आणि तिथंच पापुद्रा फुटला. नाव घालायचंच असेल तर दांडीवर, लेसरनं. नाहीतर दांडीला रंगीत टेप, एकच वेढा, आणि ती सुटायला लागली की बदलायची. जुन्या टेपखाली घाण साचते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळं दुरुस्तीचं भरभर सांगतो. सियालकोटचा शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा धंदा आज जगभर जातो. त्याची सुरुवात तिथल्या लोहारांनी मिशन हॉस्पिटलची बिघडलेली हत्यारं दुरुस्त करून देण्यातून झाली. आधी दुरुस्ती, मग घडवणं. आपल्याकडं लेथ आहे, कानस आहे, पोलादाची जाण आहे. हुपरीचा कारागीर दहा पट भिंगाखाली दिवसभर काम करतो.

काम असं. आधी भिंगातून सांधा बघायचा, तडा असेल तर भंगार, तिथं वेल्डिंग करायचं नाही. दांड्यांची स्प्रिंग थंड वाकवूनच परत आणायची, गरम करायचं नाही. निळी झाक आली म्हणजे पाणी उतरलं, कडकपणा गेला. खटक्याचे दाते बारीक कानशीनं, जेवढ्यास तेवढे. ढिला सांधा पितळी ठोकळ्यावर हलक्या ठोक्यांनी बसवायचा, नाही बसला तर नवी पिन. टोकं जुळवून चारही परीक्षा परत. ज्या चाकावर साधं लोखंड घासलं ते चाक याला लावायचं नाही, लोखंडाचे कण रुततात आणि तिथूनच गंज येतो. पॉलिश मंद ठेवायचं, चकचकीत पृष्ठभाग ओटीच्या दिव्याखाली डोळ्यांत जातो. शेवटी नायट्रिक किंवा सायट्रिक अ‍ॅसिडनं पापुद्रा परत आणायचा. मोकळं लोखंड उरलंय का ते मोरचूद आणि गंधकाम्लाच्या द्रावणात ६ मिनिटं ठेवून कळतं, तांबूस थर चढला तर परत काम. क्रोमचा मुलामा नको, सोलवटतो आणि जखमेत पडतो.

हॉस्पिटलनं हत्यारं धुऊन, ऑटोक्लेव्ह करूनच पाठवायची, रक्ताळलेलं एकही वर्कशॉपमध्ये जाता कामा नये. परत आल्यावर पुन्हा धुणं, पुन्हा ऑटोक्लेव्ह. नोंदवही दोन्हीकडं. सुरुवात सहा आणि आठ इंची आर्टरी, अ‍ॅलिस आणि टॉवेल क्लिपपासून करा. सोनेरी कड्यांचे कार्बाइडचे नीडल होल्डर आणि रक्तवाहिन्यांचे डीबेकी चिमटे पहिल्या वर्षी हातात घेऊ नका, तिथली चूक परवडणारी नाही. पुढच्या टेबलावर भिंग आणि लाल दोरा बांधलेल्या तडकलेल्या आर्टरी ठेवल्या आहेत. प्रश्न तिथं विचारा, मी थांबतो आहे.