लांब ई-क्लास स्वतः चालवायला घ्यावी का? मालकीण म्हणून माझं पहिलं मत

नमस्कार मंडळी! माझ्या मागे उभी आहे ती मर्सिडीज-बेंझ ई-क्लास, ई २००, पेट्रोल. गाडी नवीन आहे, माझ्या नावावर आहे आणि ती मीच चालवते. हे शेवटचं मुद्दाम सांगितलं, कारण बुकिंग केल्यापासून मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: "ड्रायव्हर ठेवणार ना?" ही मागे बसणाऱ्यांची गाडी, असं सगळे धरूनच चालतात. त्यात तथ्य आहे. मग स्वतः चालवणाऱ्यानं ती घ्यावी का, यावर आज बोलू. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. घ्यावी, पण घरात मागे बसणारी माणसं असतील तर. एकट्या-दुकट्यानं फिरायचं असेल, तर एवढ्या पैशांत दुसरी गाडी बघा.

आधी ही लांबी नीट समजून घेऊ. युरोपात विकल्या जाणाऱ्या ई-क्लासचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,९६१ मिलिमीटर आहे. आपल्याकडच्या गाडीचा ३,०९४. फरक १३३ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वापाच इंच. पुढे बसणाऱ्याला त्यातलं काहीही मिळत नाही. सगळं मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे गेलंय. लांब ई-क्लास चीनमध्येही मिळते, पण उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली फक्त भारतात. २०१७ साली ती आपल्याकडे पहिल्यांदा आली आणि ही नवी पिढी ऑक्टोबर २०२४ मध्ये.

आणि ती जोडली जाते चाकणच्या कारखान्यात. माझ्या घरापासून फार लांब नाही. मर्सिडीजनं भारतात पहिली गाडी १९९५ साली बनवली, तीही ई-क्लासच, आणि तीही इथेच, पिंपरीत, टाटांच्या आवारात. चाकणचा कारखाना २००९ पासूनचा. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांच्या घरात कुणी ना कुणी कंपनीत कामाला होतं, त्यांना हे ऐकून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. माझे बाबा भोसरीत प्रेसशॉपला होते, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून बनवतात त्या विभागात. गाडी ताब्यात घेतली तेव्हा शोरूममधला मुलगा स्क्रीन दाखवत होता आणि बाबा वाकून दारांच्या फटी बघत होते. पुढचं दार आणि मागचं दार यांच्यातली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का, बोट फिरवलं तर एक पत्रा दुसऱ्यापेक्षा वर लागतो का. गॅप आणि फ्लश. मागचं दार एवढं लांब असताना ती रेघ सरळ राखणं सोपं नसतं, असं ते म्हणाले. नवीन गाडी घेताना हे तुम्हीही बघा. त्याला पैसे पडत नाहीत. जोडीला टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. गाडी किती दिवस यार्डात उभी होती, याचा अंदाज तिथे येतो.

(मागच्या दाराकडे चालत)

आता मुद्द्याचं. हे दार उघडते. किती मोठी मोकळी जागा झाली बघा. माझ्या आईचे गुडघे दुखतात. आमच्या आधीच्या एसयूव्हीत तिला चढावं लागायचं. वरचं हँडल धरायचं, एक पाय फुटबोर्डवर, साडी सावरायची आणि मग स्वतःला वर ओढायचं. सगळे सांगतात, वयस्कर माणसांना एसयूव्ही बरी, वाकावं लागत नाही. ते अर्धंच खरं आहे. चढणं आणि खाली बसणं, दोन्हींत गुडघ्याला काम पडतं. सेडानमध्ये बसणं सोपं होतं ते दार पुरेसं उघडत असेल आणि पाय वळवायला जागा असेल तेव्हाच. लहान सेडानमध्ये ती नसते, म्हणून सेडानचं नाव खराब झालंय.

कसं बसायचं, ते दाखवते. गाडीकडे पाठ करायची. सीटच्या कडेवर आधी टेकायचं. डोकं आत घेताना छताकडे लक्ष. मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळवायचे. या गाडीत पाय वळवताना पुढच्या सीटची पाठ आड येत नाही. ते सव्वापाच इंच इथे कामाला येतात. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर जमिनीवर आणि हाताचा जोर सीटवर. दाराला लटकू नका, दार हलतं. आता आई स्वतःची स्वतः बसते आणि उतरते. कुणी हात दिला तर "राहू दे" म्हणते. गाडीच्या बाकी सगळ्या गोष्टी एकीकडे आणि माझ्या लेखी ही एक गोष्ट एकीकडे.

दार लांब आहे, त्याची दुसरी बाजूही ऐका. ते पूर्ण उघडायला शेजारी तेवढी जागा लागते. सोसायटीचं पार्किंग साधारण अडीच बाय पाच मीटरचं असतं. ही गाडी ५,०९२ मिलिमीटर लांब आणि १,८८० रुंद आहे. म्हणजे नाक किंवा शेपूट रेघेबाहेर राहणार आणि शेजारी गाडी असेल तर मागचं दार अर्धंच उघडणार. म्हणून घरच्यांना पोर्चमध्ये उतरवायचं आणि मग गाडी लावायला जायचं. घेण्याआधी पार्किंगमध्ये टेप टाकून मोजा. खांबांपासून मोजा, रेघेपासून नको.

मागची सीट बटणानं मागे कलते, ३६ अंशांपर्यंत. मांडीखालचा आधार पुढे सरकतो. खिडक्यांना पडदे आहेत, पुढची सीट मागूनच पुढे ढकलायची सोय आहे. हे सगळं सुंदर आहे आणि जाहिरातीत दाखवतात तसंच आहे. पण एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. सीट पूर्ण कलवून, पाय पसरून, गाडी शंभरच्या वेगात असताना झोपू नका. सीटबेल्टचा वरचा पट्टा खांद्याला आणि छातीला टेकलेला असला तरच तो काम करतो. माणूस जेवढं मागे रेलतं तेवढा पट्टा अंगापासून सुटतो. मग जोरात ब्रेक लागला किंवा धडक झाली तर शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं आणि कमरेचा पट्टा हाडावर न राहता पोटात रुततो. गाडी कितीही महाग असली तरी हे बदलत नाही. कमरेचा पट्टा पोटावर नाही, मांड्यांच्या वर, हाडावर बसला पाहिजे. साडीचा पदर किंवा शाल असेल तर पट्टा त्याच्या आतून घ्या.

आणि बेल्ट मागेही लावायचाच. कायद्यानंही तो सक्तीचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तेव्हा मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. तेव्हा महिनाभर सगळीकडे चर्चा झाली. आज एक्स्प्रेसवेवर शेजारून जाणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या मागच्या सीटवर बघा, किती जण बेल्टमध्ये दिसतात. आमच्याकडे मागचा बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलत नाही. बाबा कुरकुर करतात, मी थांबते.

(चालकाच्या सीटवर)

आता माझी जागा. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, २०४ अश्वशक्ती, ३२० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे खेचण्याचा जोर, नऊ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ताकद मागच्या चाकांना. आकडे बघून कुणी म्हणेल, एवढ्या किमतीला एवढंच? ज्यांना पाय दाबल्याबरोबर पाठ सीटला चिकटायला हवी, त्यांच्यासाठी सहा सिलिंडरची ई ४५० आहे, ३८१ अश्वशक्तीची. मला ती नको होती. आईला मागे बसवून मला तसं चालवायचंच नाही.

याच्यावर 'हायब्रिड' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ समजून घ्या, कारण शोरूममध्ये तो घाईत सांगितला जातो. ही माइल्ड हायब्रिड आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ४८ व्होल्टवर चालणारी एक मोटर बसवलीय. तीच स्टार्टर, तीच अल्टरनेटर आणि गरज पडली की २३ अश्वशक्तीची मदत. गाडी फक्त या मोटरवर गल्ली-बोळ फिरेल, असं समजू नका. ते टोयोटा कॅमरीसारख्या स्ट्राँग हायब्रिडचं काम. माइल्ड हायब्रिडचा खरा फायदा सिग्नलला जाणवतो. इंजिन बंद होतं आणि पाय उचलला की परत सुरू होतं, पण नेहमीच्या स्टार्टरचा तो कर्रर् आवाज आणि हिसका नसतो. मागे बसलेल्याला कळत नाही. नाशिक फाट्यावरच्या गर्दीत ही गोष्ट फार मोलाची आहे.

आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेलो, तेव्हा गाडी खऱ्या अर्थानं कळली. खंबाटकीचा घाट चढताना वळणांवर सेडान आणि एसयूव्हीतला फरक पोटात कळतो, अक्षरशः. गाडीचं वजन जमिनीच्या जवळ असलं की ती वळणावर कमी झुकते, आणि कमी झुकली की मागच्याला मळमळत नाही. दुसरं काम व्हीलबेस करतो. उंचवट्यावरून पुढची चाकं जातात तेव्हा गाडीचं नाक उचलतं. चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितका तो उचलण्याचा कोन लहान. म्हणून लांब गाडी होडीसारखी पुढे-मागे डुलत नाही. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर मला हे पुन्हा पुन्हा जाणवलं. यात एअर सस्पेन्शन नाही, साध्या पोलादी स्प्रिंग आहेत. मला ते चालतं. पुढे दुरुस्तीचा खर्च कमी राहील, असा माझा हिशोब आहे.

पण लांब पोटाची किंमत स्पीडब्रेकरवर मोजावी लागते. पुढची-मागची चाकं एकमेकांपासून लांब असली की उंच, टोकदार स्पीडब्रेकर बरोबर मध्ये पोटाखाली येतो. त्यात चार माणसं आणि सामान असलं की स्प्रिंग दबतात आणि गाडी आणखी खाली बसते. उपाय जुनाच: अगदी हळू, आणि जागा असेल तर तिरकी. एका वेळी एकच चाक चढलं की पोट वाचतं. गावच्या रस्त्यावर लोकांनी स्वतः बांधलेले जे ब्रेकर असतात, तिथे मी मागच्यांना सांगून गाडी जवळजवळ थांबवते. तुमच्या रोजच्या वाटेवर असे पाच-सहा असतील, तर ही गाडी तुम्हाला वैताग देईल.

डिक्कीबद्दल एकच वाक्य: स्टेपनी आता फरशीखाली गेलीय, त्यामुळे बॅगा सरळ बसतात. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनबद्दलही थोडक्यात. मधली १४.४ इंचांची आहे, स्पष्ट आहे, वेगवान आहे. एसीसारख्या गोष्टीला मला कुठल्याही गाडीत हाताला लागणारं बटण आवडतं, हे माझं मत. हल्ली सगळेच स्क्रीनकडे चाललेत. म्हणून निघण्याआधीच तापमान लावून ठेवते आणि वाटेत हात लावत नाही.

पैशांचं बोलू. ही पिढी आली तेव्हा ई २०० ची एक्स-शोरूम किंमत साडेअठ्ठ्याहत्तर लाख होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा सेडानवर जीएसटी ४० टक्के आहे. त्याआधी जीएसटी आणि सेस मिळून ४८ होता. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. ऐंशी लाखांच्या गाडीला हा फरक साडेपाच लाखांहून जास्त होतो. सीए "कंपनीच्या नावावर घ्या" म्हणाले तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवून पुन्हा विचारा. एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, लागतो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. विसरू नका.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे भरपाईतून सुट्या भागांची झीज वजा न करणारं कव्हर, सगळे घेतात. मी इंजिन प्रोटेक्शनही घेतलंय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि कुणी पुन्हा स्टार्ट केली, तर पाणी सिलिंडरमध्ये जाऊन आतले भाग वाकतात. हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी कुठलीही असो, पुन्हा स्टार्ट करू नका, ढकलून बाजूला घ्या.

सध्या मी गाडी जपून चालवतेय. पहिले १,५०० किलोमीटर इंजिनावर फार ताण देऊ नका, पाय तळाला दाबू नका, असं मॅन्युअलमध्येच लिहिलंय. आणि हो, पूजेचं कुंकू बॉनेटवरून कोरड्या फडक्यानं घासू नका. आधी पाणी ओता, मग पुसा. म्हणजे क्लिअरकोटवर, रंगावरच्या पारदर्शक थरावर, ओरखडे पडत नाहीत.

तुम्ही टेस्ट ड्राइव्हला जाणार असाल, तर एकटे जाऊ नका. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला घेऊन जा. त्यांना शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नाही, बाहेर रस्त्याच्या कडेला उतरून पुन्हा बसायला सांगा. मागे तिघं बसवा आणि तुमच्या घराजवळचा सगळ्यांत वाईट स्पीडब्रेकर असलेला रस्ता शोरूमवाल्यांना सांगा. आधी तुम्ही मागे बसा, मग चालवा. ई २२० डी, म्हणजे डिझेल, कुणी वापरत असेल तर घाटातला अनुभव खाली लिहा. मला त्या इंजिनाचा ४४० न्यूटन मीटरचा टॉर्क चार माणसं घेऊन खंबाटकीत कसा वाटतो, हे खरंच जाणून घ्यायचंय.