दोन किनाऱ्यांचे गुलाम

श्रोतेहो, नमस्कार.

'डॉन किहोते' ही प्रसिद्ध कादंबरी लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस 1575 मध्ये भूमध्य समुद्रातून स्पेनला परतत असताना उत्तर आफ्रिकेतील अल्जियर्सच्या चाच्यांच्या हाती सापडला आणि गुलाम झाला. त्याच्याजवळची बड्या सेनापतीची शिफारसपत्रे पाहून मालकाला वाटले की घबाडच हाती लागले, आणि खंडणी अशी चढली की ती भरायला घरच्यांना पाच वर्षे लागली. 1580 मध्ये कैदी सोडवण्याचे काम करणाऱ्या ट्रिनिटेरियन पंथाच्या पाद्र्यांनी पाचशे एस्कुदो, म्हणजे सोन्याची नाणी, मोजून त्याला सोडवले.

ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते, पण समोरच्या, ख्रिस्ती किनाऱ्यावरची फारशी कोणी सांगत नाही. माल्टा बेटावरचे सेंट जॉनचे सरदार, म्हणजे ख्रिस्ती लढवय्या संघाचे लोक, आणि इटलीतील लिव्होर्नोचे दर्यावर्दी मुसलमानांची जहाजे लुटत, आणि पकडलेल्यांना गॅली जहाजांवर वल्ह्याशी जखडत. पायात बेडी असलेला तो माणूस त्याच बाकावर वल्हे मारी, तिथेच जेवी आणि तिथेच झोपे. गरीब असला, तर त्याची खंडणी भरायला कोण येणार? माल्टातील मुस्लिम गुलामांची सुटका झाली ती थेट 1798 मध्ये, नेपोलियनने बेट घेतल्यावर.

या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट बांधलेल्या होत्या, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अल्जियर्सच्या गुलामखान्यांत ख्रिस्ती कैद्यांना प्रार्थनेची मुभा असे, माल्टातील मुसलमानांना नमाजाची. इकडे जाच वाढला की तिकडे त्याचे उट्टे काढले जाई.

फातिमाची गोष्ट ऐका. अल्जियर्समधील एका जानिसारी, म्हणजे तुर्की सुलतानाच्या खास पायदळातील, सैनिकाची ही लहान मुलगी ख्रिस्त्यांच्या हाती पडली. बापाने तिच्या सुटकेचा सौदा ठरवला, ती घरी यायला निघालीही. पण वाटेत कोर्सिका बेटावर तिचा बाप्तिस्मा झाला आणि तिला तिथेच ठेवून घेण्यात आले. ती राजीखुशीने ख्रिस्ती झाली, असे ख्रिस्ती म्हणत; ही सक्ती आहे, असे अल्जियर्सचे म्हणणे होते. त्या मुलीचे स्वतःचे म्हणणे मात्र या भांडणात कुठे ऐकूच येत नाही, याची मला खंत वाटते. 1609 मध्ये, नेमके त्याच सुमारास, बेर्नार्दो मोनरॉय आणि आणखी दोन ट्रिनिटेरियन पाद्री कैदी सोडवायला अल्जियर्सला आले होते. फातिमाच्या बदल्यात त्यांनाच अडकवण्यात आले, आणि ज्यांची खंडणी त्यांनी रोख भरली होती ते शंभराहून अधिक ख्रिस्ती कैदीही पुन्हा गुलामीत ढकलले गेले. फातिमा परत आली नाही. मोनरॉय 1622 मध्ये अल्जियर्सच्या कैदेतच वारले.