खटका वाजतो म्हणून इंजिन उतरवू नका

मोटरसायकल न्यूट्रलमध्ये आहे, क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि खालून ‘खट्’ असा आवाज आला. गाडी नवीन असेल तर मालक शोरूमकडे धाव घेतो, आणि जुनी असेल तर कोणीतरी शेजारून सांगतो, गिअरबॉक्स गेला. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ‘हा आवाज म्हणजे बिघाड का?’ हा प्रश्न आधीच लिहून दिलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. माझं मत स्पष्ट आहे. हा खटका बिघाड नव्हे. उलट तो येऊ नये म्हणून जे लोक पाय जपून, हळूच गिअर टाकतात, त्यांच्याच गाड्यांचे गिअर लवकर खराब होतात.

आत काय घडतं ते बघा. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समधल्या गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा दात दातांत जात नाहीत. गिअरच्या बाजूच्या अंगाला जाड खुंट असतात, त्यांना डॉग म्हणतात. आपण पायाने गिअरची लिव्हर दाबली की ड्रम, म्हणजे खाचा असलेला दंडगोल, फिरतो, ड्रममुळे फोर्क, म्हणजे गिअरला धरणारा चिमटा, सरकतो, फोर्क एक गिअर बाजूला ढकलतो आणि त्याचे डॉग शेजारच्या गिअरच्या खाचेत जाऊन बसतात. कारमध्ये दोन्हींचा वेग आधी जुळवून घेणारी सिंक्रोनायझर रिंग असते. आपल्या गाड्यांत ती नसते, म्हणून पोलाद पोलादावर आदळतंच.

पहिल्या गिअरला आवाज सगळ्यात मोठा का? गाडी उभी आहे, मागचं चाक थांबलेलं आहे. इंजिन मात्र मिनिटाला १४०० फेरे फिरतंय. इंजिन आणि क्लचच्या मधल्या प्रायमरी गिअरमुळे ते तीन-चार पटींनी कमी होतात, तरी क्लच साडेतीनशे-साडेचारशेने फिरतच असतो. क्लच दाबला तरी त्याच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, तेलामुळे चिकटून एकमेकींना थोडं ओढतात. म्हणजे एक बाजू फिरती आणि दुसरी उभी. धावत्या एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना झटका बसतोच, आणि जो अर्धवट पाय ठेवतो तोच पडतो.

हे अर्धवटपण नीट समजून घ्या. पाय हळू दाबला की डॉग खाचेत पूर्ण न शिरता तिच्या तोंडावर घासत राहतात. कर्रर्र असा आवाज येतो तो हाच. डॉगच्या बाजू मुद्दाम किंचित तिरक्या कापलेल्या असतात, जोर आला की त्या एकमेकींना आणखी आत ओढून घेतात. घासून घासून त्यांचे कोपरे गोल झाले की उलटं व्हायला लागतं. जोर आला की गिअर बाहेर फेकला जातो. खंबाटकीच्या चढाला डबलसीट गाडी दुसऱ्यावर रेस खेचतेय आणि मधेच गिअर सुटून इंजिन नुसतंच ओरडतं, हा खरा आजार. म्हणून क्लच पूर्ण दाबा आणि गिअरची लिव्हर एका दमात, शेवटपर्यंत न्या. लाथ मारायची गरज नाही, पण घुटमळायचं नाही.

आता, कालपर्यंत न येणारा आवाज आज यायला लागला असेल तर लक्ष द्यायलाच हवं. पण सुरुवात बाहेरून करा. क्लच वायर पहिली. क्लच लिव्हरच्या टोकाला बहुतेक गाड्यांना १० ते १५ मिलिमीटर ढील, म्हणजे मोकळी हालचाल, लागते. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. ढील जास्त झाली की क्लच पूर्ण सुटत नाही. मग खटका वाढतो आणि सिग्नलला उभं राहिल्यावर न्यूट्रल सापडत नाही. या दोन तक्रारी जोडीनं आल्या की वायरच बघायची. स्लो रेस, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, वाढवून ठेवली असेल तरीही पहिला गिअर जोरात आदळतो, ती आधी कमी करा.

मग ऑइल. आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर, तिघांना एकच ऑइल असतं. गिअरच्या दातांत चिरडून ते पातळ होत जातं, म्हणून बदलायची वेळ जवळ आली की गिअर खरखरीत लागतात. कारचं ऑइल मात्र ओतू नका, त्याने क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (JASO MA/MA2, मोटरसायकल ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं बघा. थंडीच्या सकाळी मोठा खटका येणारच. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग पहिला टाका.

चेनचं तर लोक विसरूनच जातात. चेन ढिली असली, किंवा मागच्या चाकाच्या हबमधले (मधल्या भागातले) रबर झिजून बसले असले, की प्रत्येक गिअरला खडखड होते आणि नाव गिअरबॉक्सचं येतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील पुरते. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते.

एवढं करूनही एक ठराविक गिअर सुटतोय किंवा लागतच नाही, तर ऑइल काढताना ट्रेमध्ये बघा. बोटांवर चोळल्यावर करडी, पिठासारखी बारीक भुकटी आली तर ती नेहमीची झीज. नखाने उचलता येईल असा पोलादाचा कपचा निघाला तर इंजिन उतरवायला हो म्हणा. आपल्या बहुतेक एक-सिलिंडर गाड्यांत गिअर इंजिनच्याच पोटात असतात, क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) उघडल्याशिवाय हात पोचत नाही. म्हणूनच नुसत्या आवाजावर हे काम काढू नका.

आणि काढलंच, तर एकच गिअर बदलून बंद करू देऊ नका. डॉग आणि खाच एकमेकांवर घासलेले असतात. नवा डॉग झिजलेल्या खाचेत बसवला तर तो गिअर पुन्हा सुटायला लागतो. दोन्ही गिअर जोडीनं बदला. फोर्क हातात घेऊन त्याची टोकं बघा, उष्णतेने निळी पडली असतील किंवा वाकली असतील तर तोही नवा घाला.