चौथ्या गिअरला गप्प होणारा आवाज

(गाडी गल्लीत उभी, इंजिन चालू. कॅमेरा पोटाखाली.)

ऐकताय ना? इंजिनचा नाही, तो सोडा. त्याच्या खाली जो येतोय, कोरड्या जात्यावर दळण चालल्यासारखा, घर्रर्र करत, तो. गेले चार महिने या आवाजाने माझी झोप उडवलीय.

ही बाबांची प्रीमियर पद्मिनी, घरात सगळे फियाटच म्हणतात, आणि ते चूक पण नाही, कारण कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून 1964 पासून ही गाडी फियाट 1100 डिलाइट म्हणूनच बाहेर पडायची, पद्मिनी हे नाव 1974 ला आलं. 1089 सीसीचं इंजिन, चार गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वयाची 20 वर्षं भरली म्हणून बंद झाली, त्यामुळे आता हा आवाज ऐकून मान डोलावणारा माणूस शोधावा लागतो.

आधी दोन गॅरेज झाली. पहिल्याने दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला गिअरबॉक्स गेला, उतरवू. दुसऱ्याने जाड ऑइल ओतलं, आठ दिवस शांतता, मी खुश, नवव्या दिवशी घरघर परत. जुन्या काळी गाडी विकताना गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा टाकायचे, तीच ही जात, आवाज दाबायचा आणि गिऱ्हाईक पटवायचं.

मग हे जुने मेकॅनिक काका भेटले. त्यांनी गाडीला हात पण लावला नाही आधी. मी आपला सांगतोय, काका इथून येतो, नाही नाही इकडून, आणि ते म्हणाले, "कुठून येतो ते सोड. कधी येतो ते सांग."

(काका ड्रायव्हर सीटवर.)

हे महत्त्वाचं आहे. गिअरबॉक्स म्हणजे बंद लोखंडी डबा, आवाज एका कोपऱ्यात झाला तरी अख्खा डबा वाजतो, कान फसतो. पण आत काय कधी फिरतं आणि काय कधी थांबतं हे ठरलेलं असतं, तिथे फसायला जागा नाही.

गाडी उभी, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. आता इंजिनला जोडलेला क्लच शाफ्ट फिरतोय आणि तो खालच्या काउंटर शाफ्टला फिरवतोय. आवाज आहे. काकांनी क्लच दाबला, दोन्ही शाफ्ट थांबले... आणि आवाज पण थांबला. उलटं झालं असतं, म्हणजे क्लच दाबल्यावर कुंईं सुरू झालं असतं, तर दोष क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेरिंगचा, नाहीतर इंजिनच्या टोकाला क्लच शाफ्टचं नाक ज्यात बसतं त्या पायलट बेरिंगचा, आणि मग गिअरबॉक्स उघडायचं कारणच नव्हतं. पहिल्या गॅरेजवाल्याने ही एवढी साधी गोष्ट पण केली नव्हती, पाय ठेव पाय काढ, बस.

आता रस्ता. पहिला गिअर, घरघर. दुसरा, घरघर, तिसऱ्यात चढावर तर नुसता गोंधळ. आणि चौथा टाकला की... ऐका. गेला. पूर्ण नाही, पण जवळजवळ गेला.

इथे काका हसले, आणि मला काही कळेना. तर गंमत अशी आहे की या गाडीत चौथा गिअर डायरेक्ट आहे. पहिल्या तीन गिअरमध्ये ताकद वरून खाली काउंटर शाफ्टवर जाते आणि तिथून परत वर, चाकांकडे ताकद नेणाऱ्या मेन शाफ्टवर येते. चौथ्यात क्लच शाफ्ट आणि मेन शाफ्ट थेट एकमेकांना जोडले जातात, काउंटर शाफ्ट फिरतो पण रिकामा, डोक्यावर ओझं नाही. म्हणजे ओझं आलं की जोरात कण्हतो आणि ओझं उतरलं की जवळजवळ गप्प, तो कोण? काउंटर शाफ्टचं बेरिंग. आवाज एकाच गिअरला आला असता तर त्या गिअरचे दात, आणि ठराविक तालात टक टक टक, वेगाबरोबर वाढणारं, तर एखादा दात तुटलेला.

अजून एक करून बघितलं, कारण काका संशयी. 40 च्या स्पीडला गाडी न्यूट्रल करून वाहू दिली. इंजिन सावकाश, चाकं मात्र जोरात. तेव्हा आवाज चाकांच्या वेगाने चालू राहिला असता तर मागे बघायचं, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे सांधे म्हणजे क्रॉस, ती दोन्ही चाकांत वाटणारं डिफरन्शियल, नाहीतर साधी स्पीडोमीटरची केबल. कोरडी केबल असली चिरकते की माणूस गिअरबॉक्स उतरवून बसतो आणि औषध असतं थोडं ग्रीस. आमच्याकडे तसं काही नव्हतं.

(बादलीत ऑइल ओघळतंय.)

उतरवण्याआधी ऑइल काढलं. दुसऱ्या गॅरेजचा तो काळा पाक. ड्रेन प्लगला करडी लापशी चिकटली होती, ती चालते, तेवढी झीज होतेच. पण काकांनी बोटावर ऑइल घेऊन उन्हात धरलं तर त्यात बारीक चकाकणारी टिकली, टोकदार, आणि लोहचुंबकाला लगेच चिकटली, म्हणजे पोलाद. पिवळी चमक असती तर ती पितळेची, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगची. म्हणूनच जुन्या गिअरबॉक्सला 90 नंबरचं जीएल-4 ऑइल टाकतात, जीएल-5 मध्ये गंधकाचा भरणा जास्त असतो, तो पितळ खाऊ शकतो.

गिअरबॉक्स उतरवायला अख्खी दुपार गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, शिव्या आणि गंजलेले बोल्ट.

आणि हे ते बेरिंग. हातात घेऊन फिरवा, वाळू भरल्यासारखं अडकतं. आतल्या पट्टीवर खड्डे बघा, देवीच्या व्रणांसारखे. कडेवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला गेलो, तिथे गाडीचं नाव पण विचारत नाहीत, नंबर बोला आणि बेरिंग घ्या. शेवटचे दोन आकडे 04 किंवा त्यावर असतील तर त्यांना पाचने गुणा, आतलं भोक किती मिलिमीटर ते कळतं, म्हणजे 6206 असेल तर 30. काकांनी क्लच शाफ्टचं बेरिंग पण बदलायला लावलं, कारण चौथ्यात त्याचं ओझं पण कमी होतं, त्यामुळे ते शंभर टक्के निर्दोष सुटलं नव्हतं. डबा उघडलाच आहे तर काय कंजुषी.

(संध्याकाळ. गाडी गल्लीतून निघते.)

पहिला, दुसरा, तिसरा. काही नाही. चढावर पण काही नाही. मी घराशी येऊन रिव्हर्स टाकला आणि लगेच... ऊंऊंऊं. पोटात गोळा आला. काकांना फोन लावला, फोनच खिडकीबाहेर धरला.

"रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात रे," काका म्हणाले, "ती नवी होती तेव्हा पण अशीच बोलायची. बाबांना विचार."

बाबांना विचारलं. ते म्हणाले, हो, या आवाजावरूनच तुझी आई चहा टाकायची.