बाळासाठी निधी उभा करताना: आवाहनाच्या आधीचे चार दिवस

मंडळी, बाळाला दुर्मीळ आजार असल्याचं कळलं की त्याच रात्री संदेश फिरू लागतो. बाळाचा फोटो, वडिलांचा खाते क्रमांक आणि एक भलामोठा आकडा. त्यामागची माया खरी असते. पण ‘हा आकडा आला कुठून?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसलं, की ओळखीचे देतात आणि अनोळखी थांबतात. मोठी रक्कम उभी करायची तर अनोळखी माणसांपर्यंतच पोचावं लागतं. म्हणून मी आवाहनापेक्षा त्याच्या आधीच्या चार दिवसांबद्दल जास्त बोलणार आहे.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आजाराचं उदाहरण घेऊ, कारण घाई आणि खर्च या दोन्हींचं गणित त्यात उघड दिसतं. एसएमएन-१ जनुकातल्या दोषामुळे स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी मरत जातात, आणि गेलेली पेशी परत येत नाही. झोल्गेन्स्मा हे जनुकीय औषध अमेरिकेत मे २०१९मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांसाठी मंजूर झालं, तेव्हा त्याची जाहीर किंमत २१ लाख २५ हजार डॉलर होती. शिरेतून एकदाच द्यायचं, तासाभराचं काम.

या औषधासाठी पैसे मागण्याआधी एक रक्ततपासणी झालीच पाहिजे. औषधातलं जनुक एएव्ही-९ या विषाणूच्या कवचातून शरीरात जातं. त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बाळाच्या रक्तात आधीच असू शकतात, बऱ्याचदा आईकडून आलेली. त्यांचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या, म्हणजे १:५०च्या, वर निघालं तर औषध तेव्हा देत नाहीत. काही काळ थांबून पुन्हा तपासतात. निम्मा निधी जमल्यावर हे कळलं तर घरच्यांवर आभाळ कोसळतं आणि देणगीदारांना काय सांगायचं हे कुणालाच सुचत नाही. तपासणी आधी, आवाहन नंतर. या क्रमात तडजोड नको.

मग अंदाजपत्रक. ते रुग्णालयाच्या लेटरहेडवर, तारीख, सही आणि शिक्क्यासह घ्या. त्यात औषधाची किंमत एवढंच असून चालत नाही. औषधाच्या आदल्या दिवसापासून किमान तीस दिवस स्टेरॉइड द्यावं लागतं, यकृताच्या तपासण्या निदान तीन महिने चालतात, आणि फिजिओथेरपी, श्वासाचं यंत्र, आहारनळी यांची गरज त्यापुढेही राहू शकते. परदेशातून औषध आणायचं तर आयात शुल्क लागतं का ते तपासा आणि चलनाचा चढउतार धरा. निधी संकेतस्थळावरून जमवणार असाल तर त्याची कपातही धरा. शंभरातले पाच कापले जात असतील, तर हातात शंभर पडायला सुमारे १०५.३ जमावे लागतात. औषधापुरतंच लक्ष्य ठेवलं की ते पूर्ण झाल्याचा जल्लोष होतो, आणि महिन्याभरानं पुन्हा हात पसरावा लागतो. दुसऱ्या वेळी लोक येत नाहीत.

पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या रुग्णखात्यात जावेत. ते जमत नसेल तर दोन सह्यांचं स्वतंत्र खातं उघडा, त्यातली एक सही घराबाहेरच्या माणसाची. वडिलांच्या पगाराच्या खात्यात देणग्या आल्या की घरभाडं आणि देणगी एकमेकांत मिसळतात, आणि हिशेब मागितला की सरळ माणूसही अडखळतो.

विनामूल्य औषधाचे मार्गही त्याच आठवड्यात तपासा. झोल्गेन्स्मा बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीनं २०२०मध्ये, जिथे हे औषध मंजूर नव्हतं अशा देशांतल्या दोन वर्षांखालच्या बाळांसाठी सोडतीनं मोफत डोस द्यायला सुरुवात केली. असे कार्यक्रम बदलत असतात, म्हणून अर्ज डॉक्टरांमार्फतच करा. पण इथून एक प्रश्न उभा राहतो: मध्येच मोफत डोस मिळाला तर जमलेल्या पैशांचं काय? किंवा बाळच राहिलं नाही तर? हे विचारताना जीभ जड होते. तरी पहिल्या दिवशीच लिहून ठेवा, की उरलेली रक्कम अमुक इतक्या दिवसांत परत केली जाईल किंवा याच आजाराच्या दुसऱ्या बाळाच्या रुग्णखात्यात जाईल. शोकात बुडालेल्या आईवडिलांना तो निर्णय घ्यायला लावू नका.

संदेशात बाळाचं पहिलं नाव, वय, आजार, रुग्णालय, अंदाजपत्रकाची रक्कम, आजवर जमलेली रक्कम आणि तारीख पुरेशी आहे. तपासणी अहवाल टाकताना पत्ता, रुग्ण क्रमांक आणि जन्मतारीख झाका. तारीख विसरू नका, कारण बिनतारखेचा संदेश दोन वर्षांनीही फिरत राहतो. भामटे फोटो तोच ठेवून फक्त क्यूआर कोड बदलतात, म्हणून मूळ आवाहन एकाच ठिकाणी ठेवा आणि बाकी सगळीकडे त्याचीच लिंक द्या. बाळाच्या नळ्या लावलेल्या फोटोनं पैसे लवकर येतात, हे खरं असेलही. पण ते बाळ उद्या मोठं होणार आहे, आणि तो फोटो त्याच्या मागे राहणार आहे.

रक्कम भरली तरी डोस लगेच मिळेल असं नाही. औषध गोठवलेलं येतं आणि रुग्णालयात पोचल्यापासून चौदा दिवसांत वापरावं लागतं, त्यामुळे बाळाची तब्येत पाहूनच मागवतात. साधा संसर्ग झाला तरी डोस पुढे ढकलतात. ही शक्यता आवाहनातच लिहा, म्हणजे उशीर झाल्यावर कुजबुज होत नाही. रक्कम पूर्ण झाली त्याच संध्याकाळी क्यूआर कोड बंद करा, मूळ आवाहनावर ‘निधी पूर्ण, कृपया आणखी पाठवू नका’ असं तारखेसह लिहा, आणि रुग्णालयाची पावती त्याखाली लावा.