धक्का न देता रंगणारा सामना

स्वित्झर्लंडमधले डॉ. हर्मन ब्रांट यांच्याकडे खेळाडू यायचे ते दुखापती घेऊन. डॉक्टर उपचार करायचे, पण खेळाडूवर ही वेळ आलीच का, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. त्यांना दोन कारणं दिसली. शरीराला न मानवणाऱ्या हालचाली आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाणं. मग त्यांनी सांघिक खेळांची शास्त्रीय चिकित्साच लिहून काढली आणि १९७० साली तिला शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातला थुलिन पुरस्कार मिळाला. त्या चिकित्सेतूनच उभा राहिला एक नवा खेळ, चुकबॉल.

मैदानाच्या दोन्ही टोकांना ही तिरकी चौकट बघा. लांबी-रुंदी साधारण एक मीटर, मध्ये ताणून बसवलेली जाळी. पुढ्यात तीन मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, तिथे पाय टेकवायचा नाही. चेंडू हातात आला की जास्तीत जास्त तीन पावलं आणि तीन सेकंद. तीन पासच्या आत तो जाळीवर मारायचा. उसळलेला चेंडू समोरच्यांनी झेलण्याआधी मैदानात, त्या अर्धवर्तुळाबाहेर, जमिनीला टेकला, की गुण.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. इथे कुणी कुणाला अडवायचंच नाही! पास मध्येच हिसकावायचा नाही, वाट रोखायची नाही, अंगाला भिडायचं नाही. मग बचाव करायचा कसा? चेंडू कुठे उसळेल ते ताडायचं आणि आधीच तिथे पोहोचायचं. शिवाय दोन्ही संघांना दोन्ही जाळ्या खुल्या, त्यामुळे मैदानाची ‘आमची बाजू, तुमची बाजू’ अशी वाटणीच होत नाही. सुरक्षिततेसाठी खेळाडूंच्या अंगावर पॅड आणि हेल्मेट चढवता आली असती. ब्रांट यांनी धक्काबुक्कीचं कारणच नियमांतून काढून टाकलं. त्यांचं मोठेपण आहे ते इथे.

असा खेळ मिळमिळीत असेल, असं वाटतंय? मग ही झेप बघा. अर्धवर्तुळाबाहेरून उडी, हवेत असतानाच फटका, आणि पलीकडे गुडघ्यांवर घसरत, जमिनीलगत टिपलेला झेल.

शारीरिक हालचालींचा हेतू विजेते घडवणं नसून सलोख्याचा समाज उभारायला हातभार लावणं आहे, असं ब्रांट मानायचे. १९७१ मध्ये या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी डॉक्टर गेले. खेळ मात्र थेट तैवानपर्यंत पोहोचला आणि तिथे चांगलाच रुजला. २००९ साली तैवानच्या काओशुंग शहरात ‘वर्ल्ड गेम्स’, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांची जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा निमंत्रित खेळांमध्ये चुकबॉलही होता.