काळ्या दगडाला काळा रंग नको

नमस्कार, श्रोतेहो.

पंचवटीत गोदाघाटावर चित्र काढायला बसलं की समोर नारोशंकराचं देऊळ येतंच. १७४७ सालचं, काळ्या दगडाचं. मी पहिल्यांदा ते जलरंगात रंगवलं तेव्हा दगड काळा म्हणून काळी ट्यूबच पिळली. देवळाची कोळशाची वखार झाली! वर त्याच ब्रशच्या पाण्यानं आभाळ लावलं, तेही काजळलं.

जलरंगात उजेड असतो तो कागदाचा. रंगाच्या पातळ थरातून प्रकाश कागदापर्यंत जातो आणि पांढऱ्यावरून परत फिरतो. थर गढूळ झाला की ती वाट बंद. म्हणून पाण्याची भांडी दोन ठेवा. एकात ब्रश खळखळून धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी फक्त रंग कालवायला. गोदेचा पूर आपण घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, भांड्याला तसली खूण नसते. तळ दिसेनासा झाला की पाणी ओतून द्या.

आता तो काळा दगड. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी, दोनच रंग घ्या. निळा जास्त पडला तर सावलीतला गार करडा, तपकिरी जास्त तर उन्हात तापलेला दगड. पॅलेटवर पुरतं घोटू नका, कागदावर अर्धवट मिसळू द्या. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा पोत आपसूक उतरतो. तिसरा रंग विचार करून घाला. चौथ्याला बहुतेक वेळा चिखलच होतो.

सगळ्यात जास्त चित्रं मात्र मळतात ती घाईनं. जलरंगात डिंक असतो आणि वाळल्यावरही तो पाण्यानं पुन्हा सुटतो. त्यामुळे एकाच जागी ब्रश घासत राहिलात की खालचा रंग वर येतो. त्यातही फसवी वेळ म्हणजे कागदाची चकाकी गेलेली, पण आत ओल राहिलेली. बोटांची पाठ हलकेच टेकवून बघा. गार लागलं तर थांबा. एप्रिलच्या दुपारी नाशकात वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, बघता बघता सुकतो, श्रावणात मात्र तो सुकेपर्यंत घाटावर एक फेरी होते.

आणि हो, मी आता आभाळ सगळ्यात आधी लावतो, दोन्ही भांडी स्वच्छ असतात तेव्हाच. देऊळ शेवटी.